मोर्चाला लाल, मताला दुसराच : सोलापूरचा कामगार डाव्यांकडे परत येईल का?

धागाकर्ता : वहीखाते

मागच्या आठवड्यात साखर पेठेतल्या एका यंत्रमाग कारखान्यात जीएसटीची बिलं आणायला गेलो होतो. मालक जेवायला घरी गेलेला, म्हणून बाहेर सुताच्या पोत्यावर टेकलो. पाळी सुटलेले दोन कामगार चहा पीत होते. विषय निवडणुकीचा. एकाने विचारलं, "मास्तरला दिलास का मत?" दुसरा म्हणाला, "कशाला? येत नाहीत निवडून. पण उद्या मालकानं हिशेब अडवला तर दत्तनगरलाच जाणार की." दोघंही हसले, कप ठेवले, गेले. आपण काही उलटसुलट बोललो असं दोघांच्याही मनात आलं नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य अजून जात नाही.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात. मास्तर म्हणजे माकपचे नरसय्या आडम. १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा सोलापुरातून आमदार. दत्तनगर म्हणजे लाल बावट्याचं, त्यांच्या कामगार युनियनचं, कार्यालय. जुना 'शहर दक्षिण' मतदारसंघ फेररचनेत गेला, २००९ पासून 'शहर मध्य' आला. तिथून तीन वेळा काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या आणि २०२४ ला भाजपचे देवेंद्र कोठे. मास्तर परत विधानसभेत गेले नाहीत.

आता दुसरी बाजू बघा. याच माणसाच्या पाठपुराव्याने कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली. दहा हजार घरं. २००६ ला चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले. मग असंघटित कामगारांसाठी रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या द्यायला १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदी आले. दोन पक्षांचे दोन पंतप्रधान एका कम्युनिस्टाने उभ्या केलेल्या घरांच्या चाव्या वाटायला कुंभारीत येतात, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो कम्युनिस्ट हरतो. लढतीतही नव्हता, खरी लढत भाजप आणि एमआयएम यांच्यात झाली.

माझं मत सांगतो, मग तुम्ही झोडा. माझे वडील मागावर होते, आई विड्या वळायची. वडिलांच्या आधीची पिढी मिलमध्ये. एक भोंगा, एक गेट, एका वेळी हजारो माणसं बाहेर पडणार. सभा घ्यायला वेगळं काही करावं लागत नव्हतं, गेटवर उभं राहिलं की सभा. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या. उरले माग, एका शेडमध्ये आठ-दहा, आणि विडी, जी घराच्या उंबऱ्यावर वळली जाते. कामगार संपला नाही, विखुरला. युनियनने त्याला धरून ठेवलं ते कागदांनी : विडी कार्ड, पोरांची शिष्यवृत्ती, पीएफचा दावा, घराचा अर्ज. म्हणजे युनियनचं हळूहळू सेतू कार्यालय झालं. सेतूवाल्याला कोणी मत देतं का?

म्हणून मला वाटतं, नेता कितीही चांगला असो, नुसत्या त्याच्या जोरावर ही मतं परत येणार नाहीत.

टॉवेल_टेरी

वहीखाते, तुमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांसारखाच मी एक. बारा माग, त्यातले चार बंद. तुमच्या लेखात मालक फक्त जेवायला गेलेला दिसला, म्हणून लिहितोय.

लाल बावट्याला राक्षस लागतो. मुंबईत तो होता, मिलचा शेटजी. इथं सोलापूरच्या पूर्व भागात मालक कोण? काल स्वतः धोटा मारणारा. माझे आजोबा तेलंगणातून आले तेव्हा हातमागावर होते. कामगार आणि मी एकाच मार्कंडेय मंदिरात जातो, नारळी पौर्णिमेला एकाच रथाला हात लावतो, त्याच्या पोरीच्या लग्नात मी जेवायला. त्याचं स्वप्न काय, माहितेय? दोन सेकंडहँड माग घ्यायचे आणि मालक व्हायचं. ज्याला उद्या माझ्या जागी यायचंय, तो माझ्याविरुद्ध किती दिवस मत देणार?

आणि बाजाराचं कोणी बोलत नाही. सोलापुरी चादरीला २००५ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून आपल्याच नवी पेठेत विकला जातो. टॉवेलमध्ये गुजरातच्या मोठ्या मिलशी गाठ. सूत महाग झालं की मी तोट्यात. मास्तर कलेक्टरसमोर बसतात, पानिपतसमोर कोण बसणार?

भोंगा_साडेसात

टॉवेलशेट, नमस्कार. मी मिलचा माणूस, साचेखात्यात होतो. वय ७६, नातू टाइप करून देतोय.

आमच्या लग्नात जेवलात, रथ ओढला, सगळं मान्य. पण रथ ओढताना पीएफ कापला का, असं कोणी विचारायचं नसतं, एवढंच ना तुमचं म्हणणं? पीएफचा विषय निघाला तेव्हा पूर्व भागातल्या मालकांनी माग बंद ठेवले. आपलीच माणसं, एकाच समाजाची, तरी बंद. तेव्हा रथ आठवला नाही. पेन्शनचं सांगतो. २०१४ पासून ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन हजार रुपये आहे. हजार! माझी त्यापेक्षा थोडी जास्त. हजारात महिन्याची गोळी येत नाही. आणि ज्यांचा पीएफच कापला नाही त्यांना तेही नाही.

दुसरं. मतांचं रडगाणं मला कळत नाही. आम्ही मतांसाठी बावटा धरला नव्हता. सोलापूरचा कामगार १९३० ला मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यावर होता, तेव्हा कुठली निवडणूक होती? चार पुतळ्यांची नावं वाचा एकदा. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. चौघं चार समाजांचे, आणि १२ जानेवारी १९३१ ला एकाच दिवशी येरवड्यात फासावर. आज त्या चार समाजांची मतं चार पेट्यांत जातात.

सत्तरफूटरोड

काका, आदर ठेवून बोलतो, पण हेच तर दुखणं आहे. तुम्ही १९३० सांगता, मी २०२४ सांगतो.

माझी मावशी विडी वळते. तिला गॅस मिळाला, रेशन फुकट, लाडकी बहीणचे १५०० खात्यात. त्यासाठी तिला मोर्चाला जावं लागलं नाही, पावती फाडावी लागली नाही, कोणाच्या ऑफिसात बाकावर बसावं लागलं नाही. तुम्ही म्हणाल भीक. तिला भीक वाटत नाही. ती म्हणते, पहिल्यांदाच माझ्या नावावर काहीतरी थेट आलं, नवऱ्याच्या हातात न जाता.

आणि घरांचं श्रेय. योजना कोणाची? प्रधानमंत्री आवास. मास्तरांनी २०१९ ला भूमिपूजनात मोदींचं आणि फडणवीसांचं कौतुक केलं. बरोबरच केलं, काम झालं होतं. तर त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं! घर देणाऱ्याचे आभार मानले म्हणून शिक्षा. असल्या पक्षाला माझी मावशी मत देईल?

वहीखाते

@सत्तरफूटरोड, निलंबनाचा मुद्दा पटतो, तो पक्षाने स्वतःच्या पायावर मारलेला धोंडा होता. पण 'योजना कोणाची' यावर अडतो. प्रधानमंत्री आवास देशभर होती. एवढी घरं एकाच जागी, तीही कारखानदार नसलेल्या, जमीन नसलेल्या, पगारपत्रक नसलेल्या माणसांना, हे कोणीतरी वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्याशिवाय होत नाही. त्या पायऱ्यांचे पैसे कोणत्या योजनेत धरतात?

थेट खात्यात पैसे येतात, हे मात्र खरं उत्तर आहे माझ्या धाग्याला. पूर्वी सरकार आणि बाई यांच्यामध्ये युनियन उभी असायची. आता मध्ये मोबाइल आहे.

कुंभारीची_लेक

सगळे पुरुष बोलताय आणि विषय विडीचा आहे. विडी बायका वळतात, म्हणून लिहिते.

मी गोदूताईत राहते. त्याआधी आम्ही जोडभावी पेठेत दहा बाय दहाच्या खोलीत, सात माणसं. तिथंच पानं भिजवायची, तिथंच कापायची, तिथंच झोपायचं. तंबाखूची धूळ कालवणात पडायची. घरासाठी आई कितीदा पूनम गेटला धरणं धरून बसली त्याचा हिशेब नाही. मांडीवर सूप घेऊन बसायची, कारण हजार पूर्ण झाल्या नाहीत तर त्या दिवसाची मजुरी गेली. लोक म्हणायचे, बाया मोर्चाला गेल्या. आई मोर्चात बसूनही विड्याच वळत होती. संध्याकाळी कारखान्यात द्यायला गेली की तिथला माणूस मूठभर विड्या 'छाट', म्हणजे खराब म्हणून काढून बाजूला टाकणार, त्याचे पैसे नाहीत, आणि ती छाटही परत द्यायची नाही. छाटीवरून भांडायला आईबरोबर कोण यायचं? युनियनची बाई. बाकी कुठल्या पक्षाचं कोणी त्या कारखान्याच्या दारात मी तरी पाहिलं नाही.

आता जे कोणीच लिहिलं नाही ते लिहिते. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. शहर मध्यमध्ये येतच नाही! चावी मिळाली, मग रेशनकार्ड बदललं, आधारचा पत्ता बदलला, शेवटी मतदार यादी. मास्तर जिथं उभे राहतात तिथं आईचं नाव नाही. २०२४ ला आई मतदान करून आली आणि मला विचारते, "मास्तर उभे नाहीत का गं या वेळी? मशीनवर नावच नाही." मला हसावं की रडावं कळेना.

ज्या बायकांनी त्यांना निवडून आणलं त्यांना घरं देऊन त्यांनी स्वतःच मतदारसंघाच्या बाहेर पाठवलं. दुसरा कुठला पुढारी असता तर घरं वॉर्डातच बांधली असती, किंवा बांधलीच नसती.

पण थांबा, मी लाल बावट्यावाली नाही. माझं नाव शहर मध्यमध्ये असतं तरी मी मत दिलं असतं की नाही, शंका आहे. मी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. बारा तासांची ड्युटी, कधी चौदा. रजा घेतली की पगार कट. नेमणुकीचं पत्र नाही. आईची संघटना आहे, माझी नाही. आईला छाटीसाठी कोणी आलं, माझ्या ओव्हरटाइमसाठी कोणी आलं नाही.

टॉवेल_टेरी

ताई, मतदार यादीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. हे वाचून गप्प बसलो.

सातरस्ता

भावना बाजूला ठेवून जरा हिशेब करू. कुंभारीचा मुद्दा चांगला आहे, पण त्यावर सगळं लोटू नका. माझ्या माहितीतले कितीतरी जण घर कुंभारीत घेऊन मत अजून कन्ना चौकाच्या पत्त्यावर ठेवून आहेत, कारण पोरांची शाळा इथं, रेशन दुकान इथं. काहींनी तर घर भाड्याने दिलं आणि परत पेठेत येऊन राहिले, दहा-बारा किलोमीटरचं रोजचं रिक्षाभाडं परवडत नाही म्हणून.

मूळ सिद्धांतही मला मान्य नाही. 'मिल गेली म्हणून मत गेलं' हे ऐकायला छान. मुंबईत काय झालं? परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून १९७० ला झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या होत्या आणि निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक. तेव्हा गिरण्या चालू होत्या! भोंगे वाजत होते! अडीच लाख कामगारांचा संप व्हायला अजून बारा वर्षं होती. म्हणजे गेट होतं, सभा होती, युनियन होती आणि मत तरीही गेलं. कामगार गेटच्या आत कामगार असतो, बाहेर तो मराठी असतो, पद्मशाली असतो, मोमीन असतो, लिंगायत असतो. डाव्यांनी त्या बाहेरच्या माणसाशी बोलणं कधी शिकलंच नाही. दत्ता सामंतांनी १९८४ ला इंदिरा लाटेत लोकसभा जिंकली, हेही खरं. पण ते लाल बावट्याचे नव्हते, एकटे दत्ता सामंत होते. ते गेले, त्यांचं संपलं.

नई_जिंदगी

सातरस्ता भाई, 'मोमीन असतो' असं एका ओळीत लिहून पुढे गेलात. थोडं थांबा तिथं.

माझी अम्मीही विडी वळते. कारखान्यात ओळीत तिच्या पुढे पद्मशाली अक्का, मागे वडर समाजाची मावशी. छाट तिघींचीही निघते. ओळीत भांडण नाही. पण वस्तीत आलं की आमच्यासमोर वेगळा प्रश्न असतो आणि तो मजुरीचा नसतो. पोराला भाड्याने खोली मिळेल का, रात्री पोलिसांनी थांबवलं तर सोडवायला कोण येईल. २०१४ पासून तीनही वेळा शहर मध्यमध्ये एमआयएम दोन नंबरला राहिली ती काही रिकामपणाने नाही. लोकांना वाटलं, हरलो तरी मोजले तर जाऊ.

मास्तर आमच्या दुःखात येतात, ते मी नाकारत नाही. पण ते म्हणतात, "आधी कामगार म्हणून एक व्हा." आम्ही म्हणतो, एक व्हायचंच आहे, पण समोरचा आम्हाला कामगार म्हणून बघतच नाही, त्याचं काय करायचं?

आणि काँग्रेसवाल्यांनाही एक प्रश्न. मे २०२४ ला लोकसभेला लाल बावट्याने प्रणितीताईंसाठी काम केलं, त्या खासदार झाल्या. सहा महिन्यांनी शहर मध्यमध्ये काँग्रेसने स्वतःचा उमेदवार दिला. मग एकजूट फक्त एकाच बाजूने करायची असते का?

सत्तरफूटरोड

आघाडीत तुमची किंमत तुमच्या मतांएवढी. राजकारणात एवढं साधं आहे. डहाणूची जागा सोडली ना त्यांना?

भोंगा_साडेसात

सोडली नाही पोरा, तिथं घ्यावी लागली. डहाणूत माकपचे विनोद निकोले २०१९ ला आले आणि २०२४ ला परत आले, एवढ्या लाटेत. तिथं का येतात, याचा विचार कर. ज्या गोदूताईंच्या नावाने कुंभारीची वसाहत आहे, त्यांनीच १९४५ ला तिथं वारली आदिवासींना उभं केलं. तिथला माणूस त्याच पाड्यावर आहे, त्याच जंगलात, प्रश्नही तोच : जमीन कोणाच्या नावावर. मतदारसंघ बदलले, पाडा हलला नाही. संघटना रोजची आहे. आमचा पाडा हलला, लेकीने लिहिलं तसा.

वहीखाते

काका, मग हे माझ्याच मुद्द्याकडे आलं की.

सातरस्ता

नाही आलं. डहाणूत ते आदिवासी म्हणून एक आहेत, नुसते कामगार म्हणून नाही. तो माझा मुद्दा.

लेस्टरचा_सोलापुरी

इथं इंग्लंडात हाच वाद रोज चालतो, म्हणून दोन पैसे माझे. इथल्या मजूर पक्षाला जेरेमी कॉर्बिन नावाचा अगदी डावा पुढारी मिळाला होता. २०१७ ला ४० टक्के मतं, सगळे चकित. २०१९ ला ३२ टक्के आणि २०२ जागा, १९३५ नंतरच्या सगळ्यात कमी. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात पडझड झाली. बोल्सओव्हरचा डेनिस स्किनर, स्वतः खाणकामगार, १९७० पासून खासदार, तोही पडला. गंमत म्हणजे रेल्वे सरकारी करा, श्रीमंतांवर कर लावा, हे तिथल्या लोकांना आवडत होतं. पण निवडणूक ब्रेक्झिटवर झाली आणि 'हा आपल्यातला आहे का' यावर झाली. पुढे त्याच्या जागी स्टार्मर आला, मधला रस्ता धरला, २०२४ ला ३४ टक्क्यांत ४११ जागा. मतं कॉर्बिनच्या २०१७ पेक्षा कमी, जागा मात्र २०१९ च्या दुपटीहून थोड्या जास्त. म्हणजे 'परत मिळवली' म्हणायचं तरी काय, इथंही एकमत नाही.

टॉवेल_टेरी

साहेब, तुमच्याकडे खाण बंद पडली तर बेकारभत्ता तरी होता. इथं माग बंद पडला की माणूस रात्रीच्या बसने पुण्याला, चाकणच्या नाहीतर हिंजवडीच्या गेटवर वॉचमन. माझ्याकडचे तीन असेच गेले. परत येत नाहीत. तुम्ही मतदार परत आणायचं बोलताय, मला कामगार परत आणायला जमेना. नव्या पद्धतीचा रेपियर माग घ्यावा तर कर्ज, न घ्यावा तर माणूस नाही.

वहीखाते

टॉवेलशेट, या एका वाक्यासाठी तुमचे मागचे दोन रिटर्न उशिरा भरल्याचं माफ.

सातरस्तांचा १९७० चा दाखला मात्र मला छळतोय. गेट असूनही मत गेलं, हे मला मान्य करावं लागेल. मग मी माझं म्हणणं थोडं बदलतो : गेटने मत मिळत नव्हतं, गेटने निदान बोलणं होत होतं. आज बोलणंच नाही. एक साधा हिशेब सांगतो, माझ्या धंद्यातला. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा विडीवरचा कल्याण सेस गेला, ज्यातून विडी कामगारांचे दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालायच्या. त्यानंतर ती रक्कम बजेटमधून येणार, म्हणजे सरकारच्या मर्जीवर. २०२५ च्या सप्टेंबरात विडीच्या पानांवरचा जीएसटी १८ वरून ५ झाला, विडीवरचा २८ वरून १८ करायचं तेव्हाच ठरलं आणि २०२६ च्या फेब्रुवारीत लागू झालं. मालकाला सवलत मिळाली, हे माझ्या टेबलावर दिसतं. वळणारीच्या हजार विड्यांमागच्या दरात त्यातलं किती उतरलं? मी ज्या चार विडी वळणाऱ्या घरांत विचारलं, तिथं जीएसटी कमी झाल्याचं कोणाला माहीतच नव्हतं. नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा त्यात विरघळला. हेही माहीत नाही. पूर्वी दुसऱ्या दिवशी गेटवर कळलं असतं.

सत्तरफूटरोड

कोणी सांगायचं ते? दत्तनगरला सांगायला माणसं आहेत? काका, एक काम करा. तुमच्या पुढच्या बैठकीत तिशीच्या आतले किती येतात ते मोजा आणि इथं खरं लिहा. नंतर माझ्या मावशीला सांगतो, परत जा म्हणून.

कुंभारीची_लेक

मोजाच काका. आणि त्यात मुली किती, तेही.

भोंगा_साडेसात

मोजतो. रविवारी आमच्या गल्लीतली बैठक आहे. खोटं लिहिणार नाही.

नई_जिंदगी

तोपर्यंत धागा वर ठेवा कोणीतरी.

भोंगा_साडेसात

मोजले. एकतीस माणसं. पन्नाशीच्या पुढची बावीस. तिशीच्या आतले चार, त्यातले दोघं चहा वाटायला आले होते आणि एक माझा नातू, जो हे टाइप करतोय. मुली शून्य. लेकी, तुझ्यापुढे मान खाली.

चौथा मुलगा खाण्याचे डबे पोहोचवणाऱ्या एका ॲपवर काम करतो. दारातच उभा होता, आत येईना. बैठक संपल्यावर विचारलं तर म्हणाला, "आजोबा, माझा आयडी बंद केलाय आठ दिवस झाले, कोणी फोन उचलत नाही, तक्रार कुठं करायची?" मला आयडी म्हणजे काय तेच कळेना. नातवाने समजावलं. मी म्हटलं, हे तर गेट बंद केल्यासारखंच झालं की. गेट तरी दिसायचं.

आमच्यातल्या एकाला नव्या संहितेतलं माहीत होतं, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के या पोरांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचाय म्हणून. पण आयडी परत चालू कोण करणार, ते त्यालाही सांगता आलं नाही. शेवटी पाच म्हातारे आणि तो मुलगा असे सोमवारी कंपनीच्या इथल्या ऑफिसात गेलो. बाहेर पाटी नव्हती, एका जिमच्या वर खोली. आतल्या पोराने आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाला, "आजोबा, इथून काही होत नाही, सगळं बेंगलोरवरून होतं." मग आम्ही तिथंच खाली बसलो. दोन तासांनी त्याने कुठंतरी फोन लावला. गुरुवारी आयडी चालू झाला.

सत्तरफूटरोड, तुझ्या मावशीला काय सांगायचं ते तू ठरव. मुलगा परवा पेढे घेऊन आला होता, त्याच्याबरोबर आणखी दोघं, त्यांचेही आयडी बंद. रविवारी या म्हटलंय.

कुंभारीची_लेक

काका, त्या मुलाचं मतदार यादीत नाव कुठं आहे?

भोंगा_साडेसात

विचारायचं राहिलं बघ. नातू म्हणतो, पुण्याचं असेल, दोन वर्षं तिकडे होता.